भिंतीपलीकडचं लेट्यूस

फरीदाबादच्या सेक्टर पंधरामध्ये कुमुदिनी मायदेवांचं घर शोधताना नंबर लागत नसे. मराठी माणसाला ‘अळूवाल्या काकू’ एवढं पुरायचं. लग्न होऊन ती मिरजेहून आली तेव्हा तिथे नुसती धूळ आणि काटेरी कीकराची झाडं होती. तिचे यजमान पद्माकर एका बेअरिंगच्या कारखान्यात टूलरूममध्ये होते. पुढे प्लॉट मिळाला, घर बांधलं आणि मागच्या दाराशी जी मोकळी जागा उरली, तिच्यातले विटांचे तुकडे कुमुदिनीने स्वतः वेचून काढले. माहेरून आणलेले अळूचे कंद तिथे लावले. दिल्लीच्या बाजारात अळू मिळत नसे असं नाही, पण ते घशाला खाजायचं. कुमुदिनीचं अळू लोण्यासारखं शिजायचं. श्रावण लागला की करोलबागेतून, सरोजिनीनगरातून माणसं बस बदलत यायची. ती पानं स्वतः कापून द्यायची, चिंच किती घालायची ते सांगायची आणि चहा पाजल्याशिवाय कुणाला सोडायची नाही. लोक आपल्याकडे मागायला येतात, हेच तिला हवं असे. पद्माकरांना प्रमोशन मिळालं तेव्हा ती जेवढी खूश झाली होती, त्याहून जास्त ती महाराष्ट्र मंडळाच्या अध्यक्षीणबाई अळू मागायला दारात आल्या तेव्हा झाली होती.

पंच्याण्णव साली शेजारचे पंजाबी गृहस्थ मुलाकडे राहायला गेले आणि त्यांच्या घरात पुण्याचं एक जोडपं भाड्याने आलं. जयेश आणि क्षिप्रा. नुकत्याच दिल्लीत आलेल्या एका परदेशी कंपनीत जयेश मोठ्या हुद्द्यावर होता. त्याआधी दोघं दोन वर्षं हॉलंडला राहिली होती. दारात पांढरी नवी गाडी होती. क्षिप्रा तिशीच्या आतली, केस खांद्यापर्यंत कापलेले, आणि बोलायला इतकी मोकळी की पहिल्याच आठवड्यात ती मधल्या बुटक्या भिंतीवरून वाकून विचारू लागली, काकू, इथे शेणखत कुठे मिळतं?

कुमुदिनीला बरं वाटलं. तिने गावातल्या दूधवाल्याकडून खत मागवून दिलं, स्वतः पलीकडे जाऊन वाफे कसे बांधायचे, पाणी कुठून सोडायचं ते दाखवलं. क्षिप्राने बियांची पाकिटं आणून समोर पसरली. प्रत्येकावर पानांचं चित्र होतं, हिरव्या, पोपटी, जांभळट. सगळं लेट्यूसच, पण जाती निराळ्या. कुमुदिनीने विचारलं, याची भाजी कशी करतात?

“शिजवत नाहीत काकू. कच्चंच खायचं.”

कुमुदिनी हसली. इथलं पाणी खारट, माती चिकट, उन्हाळा भट्टीसारखा. हे नाजूक प्रकरण काही उगवायचं नाही, अशी तिची खात्री होती, आणि त्या खात्रीमुळेच तिने शिकवताना हात आखडता घेतला नाही. दोन खुरपी दिली, एक झारी दिली, वर स्वतःच्या वाफ्यातली थोडी मुरलेली माती दिली.

डिसेंबरात कपडे वाळत घालायला ती गच्चीवर गेली आणि खाली बघून तशीच उभी राहिली. क्षिप्राच्या वाफ्यांत ओळीने रंग भरले होते. एका ओळीत पोपटी पानांचे मऊ गड्डे, गुलाबासारखे उमललेले. त्याशेजारी उंच, ताठ पानांची जात, तिला क्षिप्रा रोमेन म्हणायची. मग कातरलेल्या कडांची. आणि शेवटच्या ओळीत लोलो रोसो नावाचं लेट्यूस, गडद लाल, लहान मुलीच्या फ्रॉकच्या झालरीसारखं चुण्याचुण्यांचं. फक्त आइसबर्ग नावाच्या जातीचे गड्डे धरले नव्हते, त्यांची पानं पसरली होती. कुमुदिनीची नजर पुन्हा पुन्हा त्या फसलेल्या ओळीकडे जात राहिली. हातातली ओली चादर गारठ्याने बोटांना बोचू लागली तेव्हा ती भानावर आली.

त्या दिवसापासून तिची झोप हलकी झाली. दुखणं कुठलंच नव्हतं. पद्माकरांच्या कारखान्यात तेव्हा मुदतीआधी निवृत्ती घ्या म्हणून मागे लागले होते, ती चिंता खरी होती, आणि कुणी विचारलं तर ती तेच कारण सांगायची. पण सकाळी उठल्यावर पहिल्यांदा आठवायची ती लाल झालर.

त्यात सुखदा. एकुलती एक मुलगी, एकोणिसाव्या वर्षात, शटल गाडी पकडून दिल्लीला कॉलेजात जायची. घरी आली की बॅग टाकून सरळ शेजारी. आईच्या बागेत तिने आजवर कधी पाऊल ठेवलं नव्हतं, पण तिकडे ती गुडघ्यावर बसून रोपं लावायची. जेवताना सांगायची की लेट्यूसचं बी वरवर टाकायचं असतं, त्याला उजेड लागतो. थंडी पडली नसेल तर आधी ओल्या फडक्यात गुंडाळून फ्रिजमध्ये ठेवायचं. “क्षिप्राताई म्हणते, एकेका क्यारीत दोन जाती लावल्या तर मस्त दिसतं.”

“क्यारी नाही, वाफा,” कुमुदिनी म्हणाली.

“तेच गं.”

कुमुदिनीने पोळी तव्यावर जरा जास्तच दाबली. पद्माकरांनी पेपरातून डोकं वर केलं आणि पुन्हा खाली घातलं.

संक्रांतीनंतर हळदीकुंकू होतं. दरवर्षी सेक्टरातल्या मराठी बायका आधी कुमुदिनीकडे जमायच्या, तिथून पुढच्या घरी. त्या वर्षी क्षिप्राने तोच दिवस धरला. तिला ठाऊक नव्हतं, कुणी सांगितलंही नव्हतं. कुमुदिनीने वाण म्हणून स्टीलच्या वाट्या दिल्या. बायकांनी त्या पर्समध्ये टाकल्या आणि शेजारी गेल्या. तिथे क्षिप्राने प्रत्येकीच्या हातात मातीच्या कुल्हडात लावलेलं लेट्यूसचं एकेक रोप ठेवलं, पाच जातींतलं जिला जे आवडेल ते. बायका तासभर हलल्या नाहीत. हे कसं वाढवायचं, पाणी किती, मुलांच्या सँडविचमध्ये घालता येईल का, असे प्रश्न संपेनात. हेमलता दाते, जी वीस वर्षं कुमुदिनीच्या अळूवर श्रावण काढत आली होती, ती म्हणाली की आपण सगळ्या आता क्षिप्राकडे शिकवणी लावू या. सगळ्या हसल्या. कुमुदिनीही हसली. तिच्या वाट्याला लोलो रोसो आलं होतं. घरी आल्यावर तिने ते कुल्हड न्हाणीघराच्या खिडकीत, उजेड पोचणार नाही अशा कोपऱ्यात ठेवलं आणि तिथेच वाळू दिलं.

फेब्रुवारीत कुणाला न सांगता ती जुन्या फरीदाबादेत बियाण्याच्या दुकानात गेली आणि ‘सलाद पत्ता’ मागितला. दुकानदाराने एकच जात दिली. ती तिने वाटाण्यासारखी बोटभर खोल पेरली, कारण सुखदाने सांगितलेलं करायचं नाही असं तिने मनाशी ठरवलं होतं. काही उगवलं नाही. दुसऱ्यांदा पेरलं तेव्हा मूठभर रोपं आली, तोवर ऊन तापलं आणि ती गड्डा धरण्याऐवजी सरळ दांडा धरून वाढली. पान तोडलं की दुधासारखा चीक यायचा. तिने त्याची पीठ पेरून भाजी केली. पद्माकरांनी एक घास खाल्ला, पाणी प्यायले आणि म्हणाले, “कुमुद, ही कारल्याची पानं आहेत का?” तिने ताटातली भाजी उचलून नेली आणि दोन दिवस त्यांच्याशी धड बोलली नाही.

पुढच्या थंडीत क्षिप्राला दिवस गेलेले होते. डिसेंबरात ती बाळंतपणाला पुण्याला निघाली. जयेश निम्मा महिना फिरतीवर असायचा. जायच्या आदल्या दिवशी ती किल्ली घेऊन आली आणि म्हणाली, काकू, वाफे तेवढे बघाल का, तुमच्याशिवाय कुणावर टाकणार? कुमुदिनी हो म्हणाली.

तिने त्या वाफ्यांची काळजी प्रेमाने घेतली असं म्हणता येणार नाही. एकही रोप दगावलं तर लोक काय म्हणतील, या धास्तीने घेतली. पण रोज सकाळी मातीत हात घालताना तिला ते पीक कळू लागलं. माव्याची कीड पहिल्यांदा पानाच्या मागे, शिरेजवळ बसते. बाहेरची पानं तोडत राहिलं तर आतून नवी येतात. लाल जातीला ऊन जास्त मिळालं की रंग गडद होतो. कोवळं पान तिने पहिल्यांदा तिथेच उभ्या उभ्या तोंडात टाकलं. कुरकुरीत, पाणीदार, किंचित गोड. तिला ते फार आवडलं आणि आवडलं याचा रागही आला.

जानेवारीतल्या एका रविवारी ती पलीकडे झारीने पाणी घालत होती. सुखदा भिंतीला टेकून चहा पीत होती. फाटकाशी एक गाडी थांबली. आतून उतरलेल्या माणसाने आपलं नाव राजीव सांगितलं. दिल्लीतल्या एका मोठ्या हॉटेलात तो शेफ होता. कुणाच्या तरी पार्टीत त्याने ही पानं खाल्ली होती, फरीदाबादेत एका घरी होतात असं कळलं होतं, आणि पत्ता मिळवून तो आला होता. हॉटेलात येणारं लेट्यूस लांबून यायचं आणि अर्धं काळं पडायचं. तो वाफ्यांमधून वाकून, पानं हातात धरून फिरला. लोलो रोसोपाशी तो खाली बसलाच.

“कमाल है. यह सब आपने उगाया है?”

कुमुदिनीच्या हातात झारी होती, नखांत माती होती. गेले कित्येक आठवडे रोज सकाळी ती इथेच होती.

“हाँ जी,” ती म्हणाली.

मग तिला थांबता आलं नाही. बी कसं फ्रिजमध्ये ठेवायचं, वरवर कसं टाकायचं, खाऱ्या पाण्यासाठी मातीत काय मिसळलं, सगळं ती अस्खलित हिंदीत सांगत गेली. तो मान डोलावत ऐकत होता, मधे मधे ‘वाह आंटीजी’ म्हणत होता. तिने पिशवी भरून पानं कापून दिली. प्रत्येक जातीची दिली. तो कार्ड देऊन गेला. गाडी वळेपर्यंत ती फाटकाशी उभी राहिली.

वळून पाहिलं तेव्हा सुखदा अजून भिंतीपाशीच होती. कपातला चहा तिने मातीत ओतला.

“आई, तू हो म्हणालीस.”

“मग? पाणी कोण घालतंय इतके दिवस?”

सुखदा आईकडे पाहत राहिली. तिच्या चेहऱ्यावर राग असता तर कुमुदिनीला सोपं गेलं असतं. पण ती ओशाळली होती, आईच्या वतीने. ती घरात गेली.

अशी गोष्ट लपत नाही. शेफने ज्याच्याकडून पत्ता मिळवला होता त्याला सांगितलं की फरीदाबादच्या आंटीजींचं काम अप्रतिम आहे. त्याने ते जयेशला सांगितलं. जयेशने फोनवर हसत हसत क्षिप्राला सांगितलं. मार्चमध्ये ती तान्ह्या मुलाला घेऊन परत आली. चार दिवसांनी, मूल झोपल्यावर, ती मायदेवांच्या स्वयंपाकघरात येऊन बसली. सुखदा ओट्यापाशी भांडी पुसत होती.

क्षिप्रा म्हणाली, “काकू, मला पानांचं काही नाही. तुम्ही सगळी दिली असतीत तरी चाललं असतं. पण माझं आहे हे सांगायला काय झालं होतं?”

कुमुदिनीने बरीच उत्तरं तयार ठेवली होती. गैरसमज झाला, त्याला हिंदीत नीट समजलं नाही, घाईत राहून गेलं. त्यातलं एकही तोंडातून बाहेर पडलं नाही.

“मला तुझा हेवा वाटतो,” ती म्हणाली. “तू आलीस तेव्हापासून.”

“माझा? कशाचा?”

यावर मात्र तिला बोलता येईना, कारण सुखदा तिथे उभी होती. मग क्षिप्रा उठली. दाराशी थांबून एवढंच म्हणाली की खुरपी आणि झारी ती परत पाठवून देईल. तिने ती पाठवली, धुवून.

त्यानंतर भिंतीवरून बोलणं बंद झालं. मंडळाच्या गणपतीत दोघी समोरासमोर आल्या की नमस्कार व्हायचा, पण क्षिप्राचं ‘काकू’ ऐकू यायचं नाही. सुखदा तिकडे जातच होती. मूल खेळवायची, त्याला बागेत फिरवायची. घरी येऊन ती आता तिकडचं काही सांगत नसे. कुमुदिनीला वाटे, आधी सांगायची ते बरं होतं.

रांगत्या मुलामागे क्षिप्राला वेळ मिळेना. पुढच्या ऑक्टोबरात तिचे वाफे तणाने भरले. कुमुदिनी गच्चीवरून ते बघायची आणि तिला आत कुठेतरी समाधान वाटायचं. दोन-तीन दिवस ती त्या समाधानात होती. मग एका संध्याकाळी सुखदाने बियांची उरलेली पाकिटं आणून टेबलावर ठेवली.

“क्षिप्राताईने दिलीत. म्हणाली, पडून वाया जातील.”

क्षिप्रा भांडली असती, बोल लावला असता, तर कुमुदिनीने सोसलं असतं. हे देणं तिला सोसेना. आठवडाभर पाकिटं टेबलावर तशीच होती. शेवटी तिने त्यातलं बी ओल्या फडक्यात गुंडाळून फ्रिजमध्ये ठेवलं, अळूशेजारचा एक वाफा रिकामा केला आणि सगळं नीट, शिकल्याप्रमाणे केलं. त्या थंडीत तिच्याकडे पाचही जाती आल्या. आइसबर्गाचे गड्डेसुद्धा धरले, घट्ट, नारळाएवढे. क्षिप्राला ते कधी जमलं नव्हतं. कुमुदिनी गच्चीवर गेली, आधी शेजारच्या तणाकडे पाहिलं, मग आपल्या वाफ्याकडे, आणि तिला वाटलं होतं तेवढं काही वाटलं नाही. बघायला पलीकडे कुणी नव्हतं.

जानेवारीत राजीव पुन्हा आला. या वेळी लेट्यूसवाल्या आंटीजी कुठे राहतात असं विचारत तो तिच्याच फाटकाशी आला. तो उतरताना दिसला तशी ती भिंतीपाशी गेली आणि तिने क्षिप्राला हाक मारली. क्षिप्रा कडेवर मूल घेऊन बाहेर आली. आवाज ऐकून सुखदाही दारात आली. कुमुदिनीने शेफला दोघींसमोर हिंदीत सांगितलं की मागच्या वर्षीची बाग या मुलीची होती, मी फक्त पाणी घालत होते, मी तुमच्याशी खोटं बोलले. जे येतं ते हिनेच शिकवलेलं आहे, बीसुद्धा हिचंच.

राजीव क्षणभर गोंधळला. त्याला त्यात काही विशेष वाटलं नाही. तो म्हणाला, “कोई बात नहीं आंटीजी. पत्ता दिखाइए.” आणि वाफ्याकडे चालू लागला.

तो गेल्यावर क्षिप्रा भिंतीपलीकडे उभीच होती. “हे सांगायला मला बोलवायची गरज नव्हती, काकू.”

“होती,” कुमुदिनी म्हणाली. “सुखदाच्या देखत तुझं तुला द्यायचं होतं.”

क्षिप्राने दारातल्या सुखदाकडे पाहिलं, मग कुमुदिनीकडे. मागे स्वयंपाकघरात तिला न मिळालेलं उत्तर बहुधा तिला तेव्हा मिळालं. मुलाने लाल पानाकडे हात केला, तशी कुमुदिनीने एक पान तोडून त्याच्या मुठीत दिलं. त्याने ते फाडून टाकलं.

बोलणं सुरू झालं, पण पूर्वीइतकं सैल नाही. वर्षभरात जयेशच्या कंपनीने ऑफिस गुडगावला हलवलं आणि त्यांनी तिथे एका नव्या टॉवरमध्ये नवव्या मजल्यावर फ्लॅट घेतला. सामान ट्रकमध्ये चढलं त्या दिवशी कुमुदिनीने डबा दिला. तिला सुटल्यासारखं झालं. आता मुलगी घरी राहील, असं तिच्या मनात आलं.

झालं उलटंच. सुखदाला गुडगावातच एका परदेशी कंपनीत नोकरी लागली. फोनवर बोलायचं काम होतं. फरीदाबादहून रोज जाणं-येणं अवघड, वाट उजाड, शिफ्टच्या वेळा विचित्र. क्षिप्राने फोन करून सांगितलं की आमच्याकडे एक खोली रिकामी आहे, तिला पाठवा. पद्माकरांना ते फार सोयीचं वाटलं. निवृत्तीनंतर त्यांना सगळंच सोयीचं वाटू लागलं होतं. कुमुदिनी नको म्हणाली. का, असं त्यांनी विचारलं. तिने कारण सांगितलं नाही, आणि सुखदा बॅग भरून गेली.

पहिल्यांदा भेटायला दोघं गेली तेव्हा आजूबाजूला अर्धवट बांधलेल्या इमारती आणि मधे मोहरीची शेतं होती. लिफ्टमध्ये कुमुदिनीने पद्माकरांचा दंड धरला. वर सगळं स्वच्छ, पांढरं, मोठ्या काचांचं होतं. सुखदा चहा करायला गेली. कुमुदिनी मदतीला म्हणून मागोमाग गेली आणि दारातच थांबली. सुखदाने न बघता वरचं कपाट उघडलं, साखरेचा डबा काढला, पायाने खालचा खण ढकलून बंद केला. चमचे कुठे, गाळणं कुठे, सगळं तिच्या हातांना ठाऊक होतं. क्षिप्राचा मुलगा तिच्या पायाला मिठी मारून उभा होता आणि ती त्याला हिंदीत दटावत होती. आपल्या घरी याच मुलीला गाळणं कधी सापडलं नव्हतं. कुमुदिनी परत बाहेर येऊन बसली.

क्षिप्रा बाल्कनीत होती. कुंड्यांमध्ये लेट्यूस लावलेलं होतं, पिवळट, लांबट, वाऱ्याने कलंडलेलं. तिने विचारलं, “काकू, बघा ना, काय चुकतंय? सगळं तसंच केलंय.”

कुमुदिनीला एका नजरेत दिसलं. बाल्कनी पश्चिमेची, दुपारचं सगळं ऊन काचेवरून उलटून कुंड्यांवर येत होतं, आणि नवव्या मजल्याचा वारा माती तासाभरात कोरडी करत होता. क्षिप्रा उत्तराची वाट बघत होती. आत कप वाजले, सुखदा काहीतरी बोलली आणि मुलगा खिदळला. आपण म्हणू शकतो, कोण जाणे बाई, असं कुमुदिनीच्या मनात आलं. तिने ते मनात बराच वेळ धरून ठेवलं.

मग तिने पदर खोचला आणि खाली बसून पहिली कुंडी ओढली. “आधी ह्या कुंड्या भिंतीला आणून ठेव. जुनं गोणपाट आहे का? ते इथे आडवं बांधायचं. आणि ही रोपं आता उपटून टाक, यांच्यात काही राहिलं नाही. मी नवी आणून देते.”

“कधी याल?”

“रविवारी.”

परतीच्या बसमध्ये पद्माकरांनी आठवण करून दिली की रविवारी तर मंडळाची सभा आहे. कुमुदिनीने खिडकीबाहेर पाहत सांगितलं की सभा तिच्याशिवाय होईल. थोड्या वेळाने तिने विचारलं, “सुखदा बारीक झालीय का हो?”

“मला तर जरा भरल्यासारखी वाटली.”

“हो,” ती म्हणाली. “मलाही.”

रविवारी ती गेली. पुढच्याही रविवारी गेली. ट्रेमध्ये ओल्या फडक्याखाली रोपं असायची, आणि वर, क्षिप्राने मागितलं नसतानाही, अळूची जुडी.